प्रेस आपल्या गावात, मग कर्ज कशाला?

देशावरच्या कर्जाचा विषय निघाला की होस्टेलवर कोणीतरी म्हणतोच, "अरे, नोटांची प्रेस आपल्या नाशिकरोडला आहे ना? छापा नोटा आणि टाका फेडून!" ऐकायला गंमत वाटते, पण प्रश्न चांगला आहे.

नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस १९२८ साली सुरू झाली. मात्र किती नोटा छापायच्या हे प्रेस ठरवत नाही. ती मागणी रिझर्व्ह बँकेकडून येते. आता मेसचं उदाहरण घ्या. रोज २०० ताटांचाच स्वयंपाक होतो आणि २०० कूपन्स वाटली जातात. उद्या ४०० कूपन्स छापली तर पोळ्या वाढतील का? नाही, एका ताटाला दोन कूपन्स मोजावी लागतील. यालाच महागाई म्हणतात. झिंबाब्वेत २००९ साली शंभर लाख कोटी डॉलरची एकच नोट निघाली होती!

आपल्याकडेही १९५५ पासून सरकारला पैसे कमी पडले की रिझर्व्ह बँक अॅड-हॉक ट्रेझरी बिलं घेऊन आपोआप पुरवठा करत असे. ही पद्धत १९९७ साली बंद झाली. तेव्हापासून सरकारला खर्च भागवायचा तर टॅक्स नाहीतर बाजारातून कर्ज, हेच दोन मुख्य मार्ग.

२०२५-२६ च्या केंद्रीय बजेटचे अंदाज बघा:

एकूण खर्च : ५०.६५ लाख कोटी रु.
कर्ज सोडून जमा : ३४.९६ लाख कोटी रु.
तूट, म्हणजेच नवीन कर्ज : १५.६९ लाख कोटी रु.
जुन्या कर्जावरचं व्याज : १२.७६ लाख कोटी रु.

म्हणजे खर्चाच्या प्रत्येक रुपयातले सुमारे २५ पैसे नुसत्या व्याजात जातात!

हे कर्ज देतं कोण? बरेच जण म्हणतील वर्ल्ड बँक. पण मोठा हिस्सा देशातलाच आहे. सरकार रोखे विकतं आणि बँका, विमा कंपन्या, प्रॉव्हिडंट फंड ते घेतात. म्हणजे बाबांच्या पॉलिसीचा हप्ता फिरून सरकारकडेच पोचतो. तेव्हा 'कर्ज बुडवा' म्हणणं म्हणजे घरच्यांचेच पैसे बुडवणं.

मग कर्ज वाईटच का? तसं नाही. आपल्यातले कितीतरी जण एज्युकेशन लोन काढून शिकतायत. उद्या नोकरी लागली की ते फिटेल. पण रोजच्या चहा-नाश्त्यासाठी लोन काढलं तर? रस्ते, धरणं, रेल्वे यांसाठी घेतलेलं कर्ज पहिल्या प्रकारचं. पगार, पेन्शन, व्याज, सबसिडी असा रोजचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला की त्याला महसुली तूट म्हणतात. वरच्या १५.६९ लाख कोटींपैकी ५.२४ लाख कोटी ही अशी तूट आहे, साधारण एक तृतीयांश. महाराष्ट्राच्या त्याच वर्षीच्या बजेटमध्येही ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती. आपल्याकडे याला 'ऋण काढून सण' म्हणतात.

"आपण कुठे टॅक्स भरतो?" असं म्हणू नका मित्रांनो. मोबाईल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आपणच देतो. आणि आज काढलेल्या कर्जाचं व्याज आपण नोकरीला लागल्यावर आपल्याच टॅक्समधून जाणार आहे. म्हणून पुढच्या बजेटच्या दिवशी 'काय स्वस्त, काय महाग' वाचून पेपर ठेवून देऊ नका. महसुली तूट किती आणि व्याज किती, हे दोन आकडे नक्की शोधा. रीडिंग रूममध्ये पेपर येतोच!