अंतर, वेळ आणि घड्याळ : पर्थ–लंडन विमानमार्गाचा पाठ

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ व इंग्लंडमधील लंडन यांच्या विमानतळांतील हवाई अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर आहे. विमान पर्थहून सायंकाळी पावणेसातला निघून लंडनला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उतरले, तर त्याचा वेग किती? वर्गात हे उदाहरण घातले की बहुतेक विद्यार्थी सरळ वजाबाकी करतात. उत्तर येते सव्वादहा तास, आणि वेग निघतो ताशी १,४०० किलोमीटर, म्हणजे ध्वनीहूनही अधिक! प्रवासी विमान तर ताशी नऊशेच्या आसपास उडते.

भागाकार बरोबर आहे, घड्याळे मात्र दोन आहेत. पर्थचे घड्याळ लंडनच्या उन्हाळ्यात सात तास, हिवाळ्यात आठ तास पुढे असते. उन्हाळ्यातील सात तास मिळविले की खरा प्रवास सव्वासतरा तासांचा ठरतो. मुलगा परदेशी निघाला की त्याच्या पोहोचण्याची वाट पाहणाऱ्या पालकांचीही हीच गफलत होते.

आता अंतराचा विचार करू. सपाट नकाशावरील सरळ रेषा येथे फसविते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा. या दोऱ्याचा मध्यबिंदू आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पश्चिमेस, अरबी समुद्रात येतो. प्रत्यक्ष विमान वारा व परवानग्या पाहून थोडे इकडेतिकडे सरकते, ही गोष्ट वेगळी.

हे अंतर एका उड्डाणात कापणे फार अलीकडचे आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलिया–इंग्लंड हवाई मार्ग तुटला. तेव्हा १९४३ ते १९४५ या काळात कॅटालिना जातीची सागरी विमाने पर्थहून सिलोनमधील कोग्गला येथे जात. सुमारे साडेपाच हजार किलोमीटरांसाठी त्यांना सत्तावीस ते तेहतीस तास लागत. इंधनाचा भार इतका की प्रवासी जेमतेम तीन. शत्रूच्या भयाने रेडिओही बंद ठेवावा लागे. एकाच उड्डाणात सूर्योदय दोनदा दिसे, म्हणून त्या सेवेस ‘डबल सनराइज’ हे नाव पडले. १ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीहून निघालेले कॉन्स्टेलेशन विमान सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो असे थांबे घेत चार दिवसांनी लंडनला पोहोचले. पर्थहून थेट लंडनला जाणारी सेवा मात्र २४ मार्च २०१८ रोजी सुरू झाली.

तरीही जाण्यायेण्याचा काळ सारखा नसतो. अतिउंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात; लंडनकडे जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. एप्रिल २०२४ मध्ये मध्यपूर्वेतील तणावामुळे इराणचे आकाश टाळावे लागले. वाट लांबली, इंधन पुरेना, म्हणून पर्थहून निघालेल्या विमानांना सिंगापूरला उतरावे लागले. लंडनहून परतणारी विमाने मात्र पाठीवरच्या वाऱ्यामुळे न थांबता पर्थला येत होती.