जुनं हत्यार, चालू कायदा

आमच्या वऱ्हाडात जुनी हत्यारं बाहेर पडतात ती वाटण्यांच्या वेळी. वाडा पाडतात, माळा उपसतात आणि तलवार, कट्यार नाहीतर ठासणीची बंदूक हाती लागते. मग नांदगाव पेठेत माझ्याकडे आणतात, कारण मला या वस्तूंचा नाद आहे हे सगळ्यांना ठाऊक. अशाच एका वाटणीतून माउझर पिस्तूल आलं, सोबत त्याची लाकडी पेटी.

या पेटीवरच संग्राहक भुलतात. एरवी पिस्तूल तिच्यात राहतं. बाहेर काढलं की पेटीचं टोक मुठीमागच्या खाचेत सरकवायचं, म्हणजे तीच पेटी खांद्याला लावायचा दस्ता होते. १८९६च्या या जर्मन बनावटीच्या काही नगांवर हजार मीटरपर्यंतच्या पल्ल्याच्या खुणा आहेत. २६ ऑगस्ट १९१४ला कलकत्त्यात क्रांतिकारकांनी रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मालातून पळवलेली ५० पिस्तुलं याच जातीची. पेटी जोडून ती बंदुकीसारखी चालवता येतात, याची नोंद पुढे रौलट समितीच्या अहवालातही झाली.

"याले काय लायसन लागते, गुरुजी? आज्याच्या जमान्याचं हाय हे!" आणणारा म्हणाला. आजोबांचा परवाना त्यांच्या पश्चात कुणी नावावर करून घेतला नव्हता. मी पिस्तुलाला हात न लावता त्याला पोलीस ठाण्याचा रस्ता सांगितला. त्याला तो पटला नाही. माझ्या ओळखीच्या एका हौशी माणसाने ते विकत घेतलं. पुढे जप्ती झाली, प्रयोगशाळेत तपासणीत बार व्यवस्थित उडाला. आता पिस्तूल मुद्देमालात आहे आणि तो तारखांना जातो. त्यातही पेटीवरचा क्रमांक पिस्तुलाशी जुळत नव्हता. म्हणजे ज्या जोडीसाठी पैसे मोजले, ती मुळात जोडीच नव्हती.

त्या प्रकरणात मी कायदा नीट वाचून काढला. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ पुराण्या हत्यारांना सूट देतं, पण ती वयावर नाही. दुरुस्ती करूनही जे झाडता येणार नाही, त्यालाच ती आहे. गंजलेला घोडा कारागीर बसवून देणार असेल तर सूट गेली. शंभर वर्षं उलटलेल्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा लागतो खरा, पण त्याने शस्त्र परवान्याची गरज संपत नाही. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीने किमान दोन वर्षं झाली. त्याच दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रांची मर्यादा घातली. वारशाने आलेलंही त्यातच मोजतात. अमेरिकेत १९३४च्या कायद्यामुळे पिस्तुलाला दस्ता जोडणं हाच वेगळा प्रश्न होतो आणि जुन्या अस्सल जोड्यांना तिथे सवलत आहे. तिथल्या संग्राहकांचा सल्ला वाचून इथे व्यवहार करू नका.

घरात असं काही सापडलं तर:

ते भरलेलं आहे असंच धरून चाला. माउझरमध्ये काडतुसं वरून भरतात, त्यामुळे मुठीकडे पाहून काही कळत नाही. चाप, घोडा चाळवू नका, पोरांना दाखवू नका.

पिशवीत घालून गावभर फिरवू नका. आधी ठाण्याला कळवा. ते सांगतील तसं जमा करा. परवाना संपलेलं हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावं, असं कलम २१ सांगतं. वारसाला आपल्या नावे परवाना मागता येतो. नांदगाव पेठ अमरावती पोलीस आयुक्तालयात येतं, म्हणून आमचा अर्ज तिकडे. ग्रामीण भागातला जिल्हाधिकारी कार्यालयात.

नळी बुजवून ते "निकामी" करायला वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. त्याने कायद्याची सूट मिळत नाही, वस्तूची किंमत मात्र जाते.

विकत घ्यायचंच असेल तर आधी परवाना, मग क्रमांक, शेवटी सौदा. नुसती पेटी मिळत असली तरी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी विचारणा करा, कारण शस्त्राच्या भागांनाही कायदा लागू होतो आणि नकली पेट्याही बाजारात खूप आहेत. विकणारा पावती द्यायला कां-कूं करत असेल, तर भाव कितीही पाडला तरी उठून या. आणि तिथल्या साहेबांचा तोंडी होकार कोर्टात चालत नाही. उत्तर कागदावर घ्या.