मधुमेह आणि नित्याचे चालणे
(आरोग्यशिक्षण : शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

पाठाचा हेतू : सौम्य परंतु नियमित हालचालीने रक्तातील साखर कशी आटोक्यात राहते हे शिक्षकांनी समजून घ्यावे व विद्यार्थ्यांच्या द्वारे घरोघरी पोहोचवावे.

विवेचन : मधुमेह हा शहरातील धनिकांचा रोग होय, हा समज खेड्यांत अद्याप आढळतो. तो यथार्थ नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असून, १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अंगाने सडसडीत मनुष्यही निर्धास्त नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत १९९३ पासून अभ्यास केला. तेथील अर्भके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात स्नायू कमी व चरबी त्या मानाने अधिक असल्याचे त्यात आढळले.

या स्नायूंना काम देणे, हेच येथे महत्त्वाचे. भाकरी, भात यांची पचनानंतर साखर होऊन ती रक्तात उतरते. इन्सुलिन हा रस तिला पेशींत प्रवेश मिळवून देतो. मधुमेहात हा रस अपुरा पडतो किंवा त्याचा प्रभाव मंदावतो. परंतु हालणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतो. यास्तव जेवणानंतर साखर चढू लागते, त्या वेळचे चालणे विशेष फलदायी ठरते. सुश्रुतसंहितेतही प्रमेहाच्या रोग्याने दूरवर पायी जावे, असा उपदेश आहे.

शेतकऱ्यास निराळ्या व्यायामाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. खुरपणी व कापूसवेचणीच्या दिवसांत भरपूर श्रम होतात हे खरे. परंतु उन्हाळ्यात पारावर दिवस सरतो आणि शेतापर्यंत मोटारसायकल जाते. खुर्चीत बसून अध्यापन करणाऱ्या शिक्षकाची स्थितीही याहून भिन्न नाही.

उपयोजन : प्रौढाने आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस चालल्यास १५ × २ × ५ = १५० होतात. हे उदाहरण गणिताच्या तासास फळ्यावर द्यावे. बोलता यावे परंतु गाणे म्हणता येऊ नये, इतकी गती पुरेशी. शिक्षकांनी मधल्या सुट्टीत जेवणानंतर शाळेच्या आवारात फेऱ्या घालाव्यात व अर्ध्या तासाहून अधिक काळ सलग बसू नये. मुलांनी रात्रीच्या जेवणानंतर आजी-आजोबांसोबत वेशीपर्यंत जाऊन यावे.

दक्षता :
१. चालणे सुरू केले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये.
२. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने फार उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी तत्काळ तीन चमचे साखर पाण्यात घालून अथवा अर्धा पेला मोसंबीचा रस द्यावा. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्यास त्वरित दवाखान्यात न्यावे.
३. अनवाणी चालू नये. या रोगात पायांची संवेदना कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही व जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. रोज सायंकाळी तळपाय पाहावेत.
४. मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी घरातच अथवा सावलीत फेऱ्या घालाव्यात. छातीत दुखल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

मधुमेह पुष्कळ काळ मूकपणे वावरतो. एतदर्थ तीस वर्षांवरील प्रत्येकाने नजीकच्या आरोग्य उपकेंद्रात विनामूल्य तपासणी करून घ्यावी. शिक्षकांनी स्वतः आधी तपासून घेतल्यास गावही त्यांचे अनुकरण करील.

मुलांना विचारावयाचे प्रश्न :
१. जेवणानंतरचे चालणे अधिक उपयुक्त का ?
२. साखर फार उतरल्याची लक्षणे कोणती ?
३. घरातील कोण किती मिनिटे चालतात, याचा आठवड्याचा तक्ता करा.