लाईट आली तरी बटण दाबू नका

टिटवाळ्यात पाणी चढायला लागलं की महावितरण वीज बंद करते. अंधारात, ओट्यावर पोरंबाळं घेऊन बसलेल्या माणसाला त्याचा संताप येतो. पण घरातला संगणक वाचण्याची जी काही आशा उरते ती त्या अंधारामुळेच. वीज नसताना चिखलात बुडालेल्या संगणकाचे बरेचसे भाग शाबूत राहू शकतात. ओल्या बोर्डातून प्रवाह गेला की मात्र ते हातचे जातात. त्यामुळे खरी परीक्षा पुराच्या रात्री होत नाही. पाणी ओसरतं, घर धुऊन होतं, लाईट येते आणि कुणीतरी म्हणतं, ‘बघू तरी, चालू होतो का!’ ती परीक्षा तिथे असते.

मी टिटवाळ्यालगतच्या मांड्याला, सखल भागात, तळमजल्यावर राहते आणि घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, पतपेढ्यांचे अहवाल, एखाद्या हौशी कवीचा संग्रह. जुलै २०१९च्या अखेरीस ज्या रात्री बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह अडकली, त्याच पावसात इकडे काळू नदी घरांत शिरली. मुरबाड-शहापूरकडे पाऊस कोसळला की काळू आणि भातसा दोन्ही फुगतात, आणि त्याच वेळी खाली खाडीला भरती असली की पाणी तुंबून मागे येतं. ते स्वच्छ नसतं. त्यात माती असते, क्षार असतात, गटार असतं, आणि म्हणूनच त्यातून वीज सहज वाहते.

आमच्या टेबलाखालचा सीपीयू त्या पाण्यात उभा होता. समोरच्या वहिनींच्या घरातलाही तसाच होता, अगदी त्याच उंचीच्या पाण्यात. लाईट आल्यावर त्यांच्या मुलाने बटण दाबलं. पंखा गरकन फिरला, जळका वास आला आणि सगळं थंड झालं. मुलाचा दोष नाही. बाहेरून पुसलेला डबा कोरडाच दिसतो, आणि त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. म्हणून तर हे लिहिते आहे.

बटण न दाबणंही पुरेसं नाही. आजच्या संगणकांत वायर भिंतीत लावलेली आणि तिथलं बटण चालू असलं, की संगणक बंद असतानाही बोर्डाला ५ व्होल्टचा प्रवाह मिळत राहतो. तेव्हा लाईट यायच्या आत वायरच काढून ठेवावी. वीज नसतानाही बोर्डावर एक प्रवाह असतोच. घड्याळ चालावं म्हणून तिथे रुपयाच्या नाण्याएवढा सेल बसवलेला असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. ओल्या बोर्डावर तो सेल तांब्याच्या बारीक रेघा हळूहळू खात जातो, वर हिरवट बुरा धरतो. झाकण उघडल्यावर पहिला हात त्या सेलवर गेला पाहिजे.

हात म्हटलं तर आधी हातमोजे घाला. कॅबिनेटच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि पुराच्या चिखलात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. बोट कापलं आणि चिखल लागला, तर लेप्टोस्पायरोसिसची भीती खरी आहे. पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात वावरल्याचं आवर्जून सांगा. आणि घरातला मीटर, बोर्ड, प्लग भिजले असतील तर वायरमनने पाहिल्याशिवाय मेन स्विच वर करू नका. संगणक त्यानंतर.

झाकण उघडल्यावर काहीही पुसण्याआधी आत नीट पाहा. पाणी जिथवर चढलं तिथे चिखलाची आडवी रेघ उमटलेली असते. तिच्याखालचे भाग भिजले, वरचे बहुधा वाचले, एवढं साधं ते गणित आहे, आणि कुठलाही दुकानदार यापेक्षा खरं निदान पहिल्या मिनिटात करू शकत नाही. त्या रेघेचे फोटो काढा, यंत्रावरचा सिरीयल नंबरही काढा. तलाठ्याच्या पंचनाम्याला आणि विमा असेल तर दाव्याला ते लागतात. एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते, तिच्यात पुराचा समावेश आहे आणि घरातल्या सामानालाही संरक्षण घेता येतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही फक्त सामानाचा विमा उतरवता येतो. आपल्या भागात तो फार थोडे जण उतरवतात, याचं मला वाईट वाटतं.

आमच्या सीपीयूत रेघ हार्ड डिस्कच्या खाली थांबली होती. मदरबोर्डाचा खालचा भाग बुडाला होता. आता प्रश्न आला: वाचवायचं काय? यंत्र, की यंत्राच्या आतलं? बहुतेक घरांत उत्तर स्पष्ट असतं. मुलांचे फोटो, गेलेल्या माणसाचा आवाज, दुकानाचा हिशेब, हे पुन्हा मिळत नाही. डबा बाजारात मिळतो. म्हणून डिस्क आधी काढून वेगळी ठेवायची आणि तिचा निर्णय वेगळा करायचा. यंत्राची घाई डिस्कच्या जिवावर करायची नाही.

कल्याणच्या एका दुकानात मी सीपीयू नेला, तर तिथल्या माणसाने उघडून न पाहताच वायर जोडायला घेतली. मी ती हातातून काढून घेतली. तो म्हणाला, ‘ताई, चालू करून बघितल्याशिवाय काय गेलंय ते कसं कळणार? नाहीतर फॉरमॅट मारून देतो.’ मी सीपीयू उचलून घरी आणला. पुराच्या हंगामात दुकानात रांग असते, त्याचीही घाई मला समजते. पण दुरुस्तीला देताना एवढं तोंडाने सांगावंच आणि शक्य तर पावतीवर लिहून घ्यावं: आधी उघडायचं, वाळल्याशिवाय वीज द्यायची नाही, डिस्क फॉरमॅट करायची नाही, काढलेले जुने भाग परत द्यायचे. यावर जो चिडेल त्याच्याकडे देऊ नये.

डिस्क पाण्यात बुडाली असेल तर गोष्ट नाजूक होते. फिरत्या तबकड्यांच्या बहुतेक डिस्कना हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत जाऊ शकतं. आतली सुई तबकडीला जवळजवळ चिकटून तरंगते, तिथे चिखलाचा एक कणही ओरखडे पाडायला पुरतो. अशी डिस्क उघडू नये, उन्हात ठेवू नये, ड्रायरने वाळवू नये. चिखल वाळून तबकडीला धरला की काढणं अवघड होतं. ती ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे न्यावी. खर्च हजारांत जातो, तेव्हा आत काय आहे याचा विचार करून ठरवावं. एसएसडी असेल तर आत फिरणारं काही नसतं. तिच्या आशा बऱ्या असतात, पण तीही पूर्ण वाळेपर्यंत जोडू नये.

वहिनींनी त्यांचा जळलेला सीपीयू भंगारवाल्यासाठी दाराबाहेर काढला होता. त्यात लेकीच्या लग्नाचे फोटो होते. मी डिस्क काढून ठेवायला लावली, कारण जळकं जे होतं ते डिस्कच्या पाठीवरचं सर्किट होतं. आतल्या तबकड्या वेगळ्या, बंद कप्प्यात असतात. मुंबईतल्या प्रयोगशाळेत त्याच मॉडेलचं सर्किट मिळवून, जुन्यावरची मूळ चिप नव्यावर चढवून, बहुतेक फोटो निघाले. नुसतं दुसरं सर्किट जोडून चालत नाही, त्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास नोंद असते. अमेरिकेचं कोलंबिया यान २००३ साली वातावरणात शिरताना फुटलं. त्याच्या अवशेषांत काही महिन्यांनी एक वितळलेली, धूळ शिरलेली हार्ड डिस्क सापडली, आणि तिच्यातून ९९ टक्के माहिती काढता आली. यानातल्या प्रयोगाचे निष्कर्ष पुढे त्यावरून प्रसिद्धही झाले. तेव्हा ‘डिस्क मेली’ हे वाक्य दुकानाच्या काउंटरवर ऐकून लगेच मान डोलवू नये.

लॅपटॉपचं थोडं वेगळं. त्यात बॅटरी असते म्हणजे महावितरणने लाईट बंद करून उपयोग नाही. तो भिजला की बंद करून, शक्य असेल तर बॅटरी काढावी. भिजलेली लिथियमची बॅटरी चार्ज करू नये, फुगलेली असेल तर हातही लावू नये, ती पेट घेते. शिवाय हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते. मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसरीकडे लावली, की ती ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पावसाळ्याआधी ती कागदावर उतरवून घराबाहेर कुणाकडे तरी ठेवावी.

आता बोर्ड. चिखल आधी साध्या स्वच्छ पाण्याने, मऊ ब्रशने काढायचा. भिजलेल्या बोर्डाला पुन्हा पाणी लावायचं, हे ऐकून घरातले घाबरतात, पण वाळलेला गाळ पाण्यापेक्षा वाईट. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ओतायचं, म्हणजे क्षार जातात. बाटलीवर वाचून घ्या, शेजारीच अॅसिडची बाटलीही असते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पेट घेतं, म्हणून गॅसपासून दूर आणि खिडक्या उघड्या ठेवून. मेमरीच्या पट्टीची सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच घासली की उजळतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय सगळे सांगतात, त्याने पीठ आणि धूळ तेवढी फटीत जाते. ड्रायरची गरम हवा पाणी चिपांखाली ढकलते. बोर्ड टेबलफॅनसमोर उभा ठेवावा, आणि आपल्या जुलैतल्या दमट हवेत त्याला घाईने वाळला म्हणू नये. नंतर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलं तर बरं.

वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, तो भिजला असेल तर टाकून द्यावा. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार वायर काढल्यानंतरही काही काळ राहतो. तो उघडून धुणं हे जिवाशी खेळणं आहे. नवा घ्यावा. भिजलेले पंखे आणि सीडी ड्राइव्हवर वेळ घालवू नये. मॉनिटरच्या काचेमागे पाणी गेलं असेल तर आतल्या पापुद्र्यांवर पडलेले डाग जात नाहीत.

पहिल्यांदा वीज देताना डिस्क जोडायची नाही. नवा एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर, मेमरीची एक पट्टी, बस. पडद्यावर अक्षरं उमटली तरी डिस्क त्याला लावण्याआधी दुसऱ्या संगणकावर तिची पूर्ण नक्कल काढायची. आमच्या बोर्डावर अक्षरं उमटली. धुतलेला बोर्ड चालू झाला तरी त्याला घरी आलेला पाहुणा समजावं, कधी उठून जाईल सांगता येत नाही. सांध्यांत राहिलेला ओलावा महिन्यांनी डोकं वर काढतो.

मग एवढ्या खटाटोपात पडायचं कशाला? अनेकदा पडूच नये. यंत्र जुनं असेल, मदरबोर्ड गेला असेल, तर त्या जातीचा बोर्ड आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला वापरलेलाच मिळतो. शिवाय विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या प्रोसेसरवर बसत नाही. तिथे डिस्क काढून घ्यावी आणि पैसे नव्या यंत्रात घालावेत. आमचं कारण वेगळं होतं. माझी वर्षानुवर्षांची कामं पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती. ते फॉन्ट युनिकोडचे नाहीत. दुसऱ्या संगणकावर ती फाईल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. श्रीलिपी चालायला तिचं डोंगल लागतं, आणि तेही भिजलं होतं. बोर्डासारखंच तेही धुऊन वाळवलं. ते चाललं म्हणून तो संगणक उभा करण्यात अर्थ होता. चालू झाल्यापासून मी त्यावर नवं काम घेतलं नाही. फक्त जुनी पानं पीडीएफ करत आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवत बसले, एका मंडळाच्या जुन्या स्मरणिकांपासून सुरुवात केली, कारण त्यांच्या छापील प्रतीही पुरात गेल्या होत्या.

काम झाल्यावर तो संगणक ई-कचऱ्यात दिला. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुनी उपकरणं नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाला बोर्ड जाळून तांबं काढतो आणि तो धूर वस्तीतच राहतो, म्हणून थोडी चौकशी करून योग्य ठिकाणी द्यावं. देण्याआधी डिस्क मात्र काढून घ्यावी. नको असेल तर तबकड्यांवर ड्रिलने भोकं पाडून मगच टाकावी. डोळ्यांवर चष्मा घालून, कारण काही तबकड्या काचेच्या असतात.