रफ कट बघताना आधी आवाज बंद करा

थ्रिलरच्या सुरुवातीचा पहिला रफ कट तपासायचा असेल तर आधी स्पीकर बंद करा, असं मी अनुभवाने सांगतो. नांदेडला विद्यापीठात माध्यमशास्त्र शिकणारा असो की लातुरात मोबाइलवर शॉर्ट फिल्म करणारा, नवशिका बहुधा उलट्या बाजूने निघतो. अंधारा रस्ता, पावलं, हूडी घातलेला पाठमोरा कोणीतरी, आणि त्या सगळ्यावर नेटवरून उतरवलेलं धडधडतं म्युझिक. म्युझिक आपलं काम करतं, बघणाऱ्याची छाती धडधडते आणि वाटतं, कट जमला. आवाज काढला की पडद्यावर उरतो नुसता चालणारा माणूस. तो कुठं निघालाय, धोका त्याला आहे की त्याच्यापासून आहे, चित्रात काहीच नाही. हे या टप्प्यावर लक्षात आलं तर दुरुस्त होतं. मिक्सिंग झाल्यावर कोणी टाइमलाइनला हात लावू देत नाही.

टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर 15 सेकंदांचा धक्का, ठाऊक असेल तर 15 मिनिटांचा ताण, हा हिचकॉकचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. पण कट बघताना तो कोणी लावत नाही. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’ची (1958) सुरुवात त्यासाठी बघावी. पहिल्याच क्षणी हातातल्या बॉम्बचं घड्याळ फिरवलं जातं, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो, आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. स्टुडिओने त्या शॉटवर श्रेयनामावली चढवली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत पसरलं. वेल्सने 58 पानी टिपण लिहून आक्षेप घेतले. 1998 साली वॉल्टर मर्चने त्या टिपणाबरहुकूम संकलन केलं, तेव्हा नावं हटली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या क्लबांतले, गाडीच्या रेडिओतले आवाज आले. शॉट तोच होता. पण आता रेडिओ जवळ आला की बॉम्ब जवळ आला, हे कानाला कळू लागलं. म्हणजे आवाज नकोच असं नाही; चित्रात काही नाही म्हणून त्याने ते झाकू नये, एवढंच.

यावर हमखास येणारा मुद्दा असा, की सगळं आधीच सांगितलं तर रहस्य कसलं? पुढ्यात श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (2018) टाकला जातो. कोबीचं शेत, एक ससा, मागे बंदूकवाला, गोळी, आणि पडदा काळा. काही कळत नाही, तरी माणूस खिळतो. कळत कसं नाही? कोण कोणाच्या मागे आहे, हातात काय आहे, जीव कोणाचा जाणार, सगळं लख्ख दिसतं. या प्रसंगाचा पुढच्या गोष्टीशी संबंध काय, तेवढंच राखून ठेवलंय. एक गोष्ट लपवायची तर बाकीच्या चार उजेडात हव्यात. पाचही अंधारात ठेवल्या तर बघणारा घाबरत नाही, मोबाइल काढतो.

म्हणून कट दाखवायचा तो गोष्ट माहीत नसलेल्याला. आपल्याच युनिटातल्या दोस्ताला दाखवण्यात काही अर्थ नाही, त्याने स्क्रिप्ट वाचलेली असते. आणि ‘कसं वाटलं?’ विचारू नये, ‘भारी’ एवढंच ऐकायला मिळतं. ‘काय घडलं ते सांग’ म्हणावं.

दुसरी तक्रार रीशूटची : कॅमेरा परत केला, पोरं गावी गेली. पण पुष्कळदा नवं काही शूट करावंच लागत नाही. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरातलं एक हॉस्टेल धरा. रात्रीचे तीन, कोरडा नळ, त्याखाली रिकाम्या बादल्यांची रांग, आणि त्यातली एकच बादली काठोकाठ भरलेली. हा शॉट चाळिसाव्या सेकंदाला, हूडीवाल्याच्या पावलांनंतर पडलेला असतो. तो उचलून सगळ्यात पुढे ठेवा, म्युझिकचा ट्रॅक म्यूट करा, आणि मग त्याच पावलांकडे पुन्हा बघा.