फोनला लावलेला रबरबँड

म्हैसूरच्या चामराजपुरम रेल्वे स्टेशनाजवळ राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाने एप्रिलातले आठ दिवस फोनला रबरबँड लावून काढले. मागचे झाकण एका बाजूने उचलले गेले होते. गोंद सुटला असणार, अशी त्याची खात्री. अंगठ्याने दाबले की झाकण बसे, सकाळी पुन्हा वर येई. नवव्या दिवशी दुरुस्तीवाल्या पोराने फोन डोळ्यांसमोर आडवा धरला आणि काही न बोलता दुकानाबाहेरच्या फरशीवर नेऊन ठेवला. गोंदाचा काही दोष नव्हता. आतली बॅटरी पुरीसारखी फुगली होती, आणि लेखक महाशय आठवडाभर तीच दाबत होते.

लिथियम-आयन बॅटरी 1991 साली सोनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या पोटात दोन पत्र्यांच्या पातळ घड्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा. हा पडदा केसापेक्षाही पातळ. भोवती पेट घेणारे द्रावण. उष्णतेने किंवा वयोमानाने हे द्रावण विघटित होऊ लागले की वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. दाबल्याने वायू कुठे जात नाही. पडदा मात्र फाटू शकतो. मग दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात, उष्णतेने आणखी उष्णता वाढते, आणि ही साखळी एकदा सुरू झाली की हाताशी फार वेळ उरत नाही.

पडद्याची ही गोष्ट जगाला 2016 साली महागात शिकायला मिळाली. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट 7 ऑगस्टमध्ये आला आणि ऑक्टोबरमध्ये कायमचा बंद झाला. कंपनीने जानेवारी 2017 मध्ये कारणे सांगितली: एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यावर पत्रा दुमडला होता, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोक बाहेर राहिले होते. चूक मिलिमीटरच्याही आतली. त्याआधी 2007 च्या ऑगस्टमध्ये नोकियाच्या बीएल-5सी बॅटरीचे प्रकरण गाजले होते; जगभरातल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा निघाला. नखाने झाकण काढून बॅटरीवरचा क्रमांक ताडून पाहणारे लोक वाचकांना आठवत असतील. तेव्हा निदान बॅटरी हातात तरी येई. टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखी फिरवायची. गरागरा फिरली तर फुगली म्हणायची. आता फोन बंदिस्त झाले, तेव्हा उचललेले झाकण किंवा कडेने वर आलेली स्क्रीन हीच काय ती सूचना.

प्रस्तुत लेखकाच्या फोनवर ही वेळ कशी आली? रात्रभर चार्जिंगला लावल्यामुळे, असे घरच्यांचे मत. ते अर्धेच खरे. धड फोन पूर्ण भरला की आतले सर्किट चार्जिंग थांबवते. पण इथे फोन उशीखाली, कापसाच्या गादीवर असे, म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. दुपारी तोच फोन खिडकीतल्या उन्हात. शंभर टक्के भरलेली बॅटरी तापत ठेवणे हा तिचे आयुष्य घटवण्याचा खात्रीचा उपाय. त्यात चार्जर फुटपाथवरून घेतलेला, ज्याच्यावर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकच नव्हता. हा क्रमांक असला तरी तो खरा की छापील थाप, हे ब्यूरोच्याच ‘बीआयएस केअर’ ॲपवर दोन मिनिटांत कळते. स्वस्त चार्जरमध्ये वाचवलेले पैसे बहुधा घरातली वीज आणि फोन यांना वेगळे ठेवणाऱ्या भागातच वाचवलेले असतात, आणि तो धोका बॅटरीपेक्षा हाताला जास्त.

रात्रीच्या चार्जिंगची धास्ती रेल्वेनेही घेतली आहे. मराठी प्रवाशांच्या ओळखीच्या बंगळुरू–नांदेड एक्स्प्रेसला 28 डिसेंबर 2013 च्या पहाटे आग लागून 26 जण गेले. त्यानंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी डब्यांतले चार्जिंगचे प्लग रात्री 11 ते पहाटे 5 बंद ठेवण्याची शिफारस केली. 2021 पासून काही विभागांनी ती कडकपणे पाळायला घेतली. प्रवासी अजूनही कुरकुरतात. लेखकही कुरकुरत असे.

फुगलेला फोन बंद करावा, पुन्हा चार्जिंगला लावू नये, टोचू नये, गादी-कागदांपासून दूर ठेवावा. चार्जिंगला लावलेल्या फोनमधून धूर आलाच तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, मग भरपूर पाणी ओतावे. या बॅटरीची आग गार करायला पाणी चालते. माणसाने मात्र त्या धुरात थांबू नये.

आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. स्वच्छ सर्वेक्षणात 2016 साली पहिल्या आलेल्या म्हैसूर शहरात ओल्या-सुक्याची शिस्त आहे, पण घंटागाडीच्या दाबयंत्राखाली फुगलेली बॅटरी गेली तर सुका कचरा पेटायला तेवढे पुरते. म्हणून दुरुस्तीवाल्याने काढलेली ती बॅटरी वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत गेली आणि ई-कचरा नेणारा येईपर्यंत अंगणात मोगऱ्याशेजारी राहिली. रोज सकाळी आजी सवयीने तिलाही पाणी घालायला निघत आणि लेखक धावत जाऊन तांब्या धरी.