अमानत गाडी

रविवारी दुपारी कळंबच्या किनाऱ्याकडे निघालेल्या पर्यटकांच्या मोटारींची रांग थेट सुरूच्या बनापर्यंत लागते, आणि त्या गर्दीकडे वाडीच्या ओट्यावरून निर्विकारपणे पाहत बसणे हा, विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त मोटारींची पाहणी करण्यात उभी हयात घालवलेल्या माझ्या मामांचा निवृत्तीनंतरचा एकमेव विलास होय. त्या दिवशी मात्र त्यांची दृष्टी रस्त्यावर नव्हती. ब्रेकच्या कामासाठी नालासोपाऱ्याच्या एका गॅरेजात सोडलेली माझी मोटार डाव्या दाराला पोचा आणि पुढच्या बंपरला भेग घेऊन परतली होती, आणि मामा तिच्यापुढे उकिडवे बसून नखाने रंगाचा पापुद्रा उचलून आतला पत्रा न्याहाळीत होते.

"पत्रा अजून चकचकीत आहे," ते म्हणाले. "इथल्या खाऱ्या वाऱ्यात उघडा पत्रा दोन-चार दिवसांत तांबूस होतो, आणि मग हा पोचा जुनाच आहे असे गॅरेजवाला खुशाल म्हणेल. आधी फोटो काढ."

फोटो काढून मी म्हटले, "मामा, माझी पॉलिसी फुल आहे. उद्या क्लेम टाकला की झाले ना?"

"गाडी चालवत कोण होता?"

"त्यांचा पोऱ्या. ट्रायल घ्यायला नेली होती म्हणे."

"त्याच्यापाशी लायसन्स नसेल, तर तुझा क्लेम तिथेच अडतो. शिवाय खासगी मोटारीच्या पॉलिसीत मोटर-व्यवसायाच्या कामी होणारा वापर वगळलेला असतो. ट्रायलची फेरी त्यात मोडते की नाही, यावर कंपनी वाद घालू शकते. बरे, दोन्ही विघ्ने टळली असे समज. गाडी किती जुनी?"

"सहा वर्षे पुरी झाली."

"म्हणजे पत्र्याच्या भागांवर शेकडा 40 घसारा, बंपर प्लास्टिकचा म्हणून त्यावर 50, अनिवार्य वजावटीचे 1,000 रुपये निराळे, आणि पाच वर्षे क्लेम न करता साठवलेली 50 टक्के बोनसची सूट पुढल्या खेपेला शून्यावर येणार. झिरो डेप घेतले असशील तर घसारा वाचेल, बोनस नव्हे."

"म्हणजे त्यांनी ठोकायची आणि मी सोसायचे?"

"तसे कुठे म्हटले मी? तुझा पहिला दावा गॅरेजवर. 1872 च्या करार कायद्यात याला निक्षेप म्हणतात; आपल्या जुन्या दफ्तरी भाषेत अमानत. कामापुरती वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य विवेकाचा मनुष्य आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली पाहिजे, असे कलम 151 सांगते."

"पण पावतीवर शिक्काच आहे: 'वाहन मालकाच्या जोखमीवर'."

मामा हसले. "1998 साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने आपल्या मारुती झेनची किल्ली हॉटेलच्या नोकराच्या हाती दिली, आणि गाडी चोरीला गेली. विमा कंपनीने मालकाला 2,80,000 रुपये दिले आणि मग मालकाला बरोबर घेऊन हॉटेलवर ग्राहक आयोगात फिर्याद केली. हॉटेलने पुढे केली ती अशीच छापील चिठ्ठी. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या नोव्हेंबरात निकाल दिला, की वस्तू ताब्यात घेतल्यावर आपण वाजवी काळजी घेतली हे दाखवण्याचा भार ताबेदारावर असतो, आणि स्वतःची हयगय झाली असता त्याला त्या चिठ्ठीआड लपता येत नाही. तिथे चोरी होती, इथे पोचा आहे. किल्ली मात्र दोन्हीकडे दुसऱ्याच्याच खिशात."

"विमा कंपनी हॉटेलवर कशी गेली?"

"पैसे दिले की ती तुझ्या जागी उभी राहते, तुझा वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो. म्हणूनच विचारतो, गॅरेजवाल्याने काही कागद पुढे केला का?"

"तीन हजार घ्या आणि सही करा, म्हणाला."

"ती फारखत! आता काही तक्रार नाही असे एकदा लिहून दिलेस, की तुझा हक्क बुडाला आणि त्याच्याबरोबर कंपनीचाही. मग ती तुला पैसे कशाला देईल? पुरी रक्कम हाती येईपर्यंत सही नको. उलट त्यालाच विचार, मोटर ट्रेड पॉलिसी आहे का? गॅरेजांसाठी ती मिळते, आवारातल्या जोखमीची निराळी आणि रस्त्यावरची निराळी. लहान गॅरेजवाले बहुधा घेत नाहीत, पण विचारायला काय जाते?"

"आणि ब्रेकचे कामच बिघडवले असते तर?"

"तर तुझ्या विमा कंपनीचा संबंध नाही, यांत्रिक बिघाड पॉलिसीत येत नाही. ती सेवेतील त्रुटी. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, तुझ्या बिलाएवढ्या रकमेला शुल्क नाही, आणि 2019 च्या कायद्यापासून आपण राहतो तिथल्या जिल्ह्यातच तक्रार रुजू करता येते. विमा लोकपालाकडे मात्र गॅरेजची फिर्याद नेऊ नकोस, तो फक्त विम्यासंबंधीच्या तक्रारी ऐकतो. जॉब कार्ड कुठे आहे?"

ते मी सुदैवाने डॅशबोर्डात तसेच टाकले होते. मामांनी ओट्यावर पसरून त्यावरच्या मोटारीच्या छापील आकृतीवर बोट फिरवले. गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्याच माणसाने मागच्या बंपरवर एक फुली मारली होती, छतावर एक. डाव्या दारावर काहीच नव्हते.

"मूळ प्रत कोणालाही देऊ नकोस," मामा चष्मा पुसत म्हणाले, "आणि आतून कोरा कागद आण. नोटीस मी सांगतो, तू लिही."